जपानमध्ये बिऱ्हाड थाटताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१३ पासून टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईला राहते. पुण्या-मुंबईहून नवं कुटुंब आलं की पहिल्या महिन्यात तेच तेच प्रश्न फोनवर येतात. आधी कचरा, मग शेजारी, मग कढीपत्ता. एकेकाला सांगून दमले, म्हणून इथे लिहून ठेवलंय. टोकियोबाहेर राहत असाल तर काही तपशील बदलतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. इथे तुम्ही चुकलात तर तोंडावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे सोसायटीतले काका गॅलरीतून ओरडतात आणि विषय तिथेच संपतो. इथे शेजारी हसून मान झुकवतो आणि तक्रार परस्पर इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीकडे जाते. आठवड्याभराने लिफ्टमध्ये कागद लागतो: रात्रीच्या आवाजाबाबत सर्व रहिवाशांनी काळजी घ्यावी, ही नम्र विनंती. सर्व रहिवासी म्हणजे तुम्ही. मला हे कळायला असे तीन कागद लागले.

उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय करायचं?

नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर उतरलात तर रहिवासी कार्ड तिथेच हातात पडतं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत ते घेऊन वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत जायचं आणि पत्ता नोंदवायचा. कंपनीचा विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणीही त्याच फेरीत उरकते. विमा असला की डॉक्टरच्या बिलातले साधारण ३० टक्के आपण भरायचे. घर बदललंत की पुन्हा १४ दिवसांत नवी नोंद. १६ वर्षांवरच्या प्रत्येकाने कार्ड कायम जवळ ठेवायचं. खाली दूध आणायला जातानासुद्धा.

एजंट म्हणाला, "या घरमालकाला परदेशी भाडेकरू नको आहेत." असं चालतं का?

चालतं, आणि बहुतेक वेळा हसून, माफी मागत सांगतात. पहिल्यांदा मनाला लागतं. घरमालकाच्या डोक्यात बहुधा तीनच धास्त्या असतात: भाषा, कचरा आणि न सांगता देश सोडून जाणारा भाडेकरू. वाद घालून उपयोग नाही, पुढचं घर बघा.

खर्चाचा अंदाज मात्र आधीच घ्या. शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, त्यातून साफसफाई-दुरुस्ती कापून उरलेलं परत मिळतं. रेइकिन म्हणजे घरमालकाला आभारादाखल द्यायची रक्कम, ती परत मिळत नाही. (घर दिल्याबद्दल आभार, वर भाडंही. पहिल्यांदा ऐकून माझ्या नवऱ्याला वाटलं, एजंट थट्टा करतोय.) वर एजंटची दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचे पैसे आणि टोकियोत बहुतेक ठिकाणी दर दोन वर्षांनी करार वाढवताना महिन्याभराच्या भाड्याइतकी रक्कम. निमसरकारी यूआर संस्थेच्या घरांना यातलं रेइकिन, दलाली, हमीदार, नूतनीकरण काहीच लागत नाही, फक्त उत्पन्नाची अट असते. निशिकासाईत भारतीय वस्ती वाढली ती पुष्कळशी यामुळेच. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातली माणसं आली, तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं सरळ गाठता येत होती आणि ही घरं नाव-गाव न विचारता मिळत होती. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला.

आणखी एक: इमारत जून १९८१ नंतरच्या भूकंप नियमांनुसार बांधलेली आहे का, हे एजंटला नक्की विचारा.

नावाचा घोळ कसा टाळायचा?

पासपोर्टवर जसं असेल तसंच नाव कार्डावर येतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नावसुद्धा. मग बँकेत ते काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहायचं. कुलकर्णीचं 'कुरुकारुनी' होतं. पहिल्या दिवशी एकच स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, फोन, वीज, शाळा सगळीकडे तेच द्या. एका स्वराची लांबी चुकली तरी पगार जमा व्हायचा अडकतो.

जोशी मंडळींना खास सूचना. ऱ्हस्व उच्चारात 'जोशी' म्हणजे मुलगी किंवा बाई, आणि 'जो' लांबवला तर वरिष्ठ, साहेब. ऑफिसात नव्या आलेल्या जोशीबुवांनी फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा क्षणभर गोंधळतो. दुसऱ्याच्या नावामागे 'सान' लावायचं, स्वतःच्या नावामागे कधीच नाही. आपण स्वतःला 'जोशीसाहेब बोलतोय' म्हणत नाही, तसंच.

नावाचा शिक्का, म्हणजे हान्को, अजून काही ठिकाणी मागतात. पुष्कळ बँका आता सहीवर खातं उघडतात. लागलाच तर आडनावाचा काताकाना शिक्का करून घ्या.

कचऱ्याचं नेमकं काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त कागदही यावरूनच लागतात.

वॉर्ड ऑफिसात एक तक्ता मिळतो, इंग्रजीतही असतो. तो फ्रिजवर चिकटवा. जळणारा कचरा (मोएरु गोमी) बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, पुन्हा वापरात जाणाऱ्या वस्तू एकदा, न जळणारा कचरा महिन्यातून एकदा-दोनदा. वार गल्लीनुसार बदलतात, त्यामुळे दोन स्टेशनं पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीला विचारून चालत नाही. कचरा त्याच दिवशी सकाळी साधारण आठच्या आत ठेवायचा. आदल्या रात्री ठेवलात तर पहाटे कावळे पिशवी फोडतात. टोकियोचा कावळा आपल्या कावळ्याच्या दीडपट आणि तितकाच बेरकी. म्हणून ढिगावर जाळी घालायची असते. पिशवी जाळीखाली सरकवा, जाळीवर फेकू नका.

प्लॅस्टिकची बाटली: झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली विसळून चेपायची. दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट करून वाळवायचं. ओल्या कचऱ्याचं पाणी निथळू द्या. आपल्या चहाच्या चोथ्याला आणि भाज्यांच्या सालांना फार पाणी सुटतं. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधी पारदर्शक पिशवी चालते. पुष्कळ दुसऱ्या शहरांत मात्र नगरपालिकेने ठरवलेलीच पिशवी विकत घ्यावी लागते.

चूक झाली तर पिशवी उचलत नाहीत, तिच्यावर स्टिकर लावून तिथेच ठेवतात. दिवसभर सगळी गल्ली ती बघते. गुपचूप घरी आणा, नीट करा, पुढच्या वारी ठेवा.

गादी, खुर्ची, सायकल असल्या मोठ्या वस्तूंना आधी फोनवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, दुकानातून ठरावीक किमतीचं स्टिकर आणून चिकटवायचं आणि मग ठेवायची. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यातही बसत नाहीत. त्यांच्यासाठी २००१ पासून वेगळा कायदा आहे आणि पुनर्वापराची फी आपल्याला भरावी लागते. त्यामुळे कोणी परत जाताना 'फुकट फ्रिज' देतो म्हणाला तर तो का देतोय, हे लक्षात घ्या.

पुऱ्या तळून उरलेलं तेल कुठे ओतायचं?

सिंकमध्ये अजिबात नाही. सुपरमार्केटात तेल गोठवायची पावडर मिळते. गरम तेलात घालून ढवळायची, थंड झाल्यावर तेलाची वडी पडते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. दिवाळीच्या फराळाआधी दोन पाकिटं आणून ठेवा.

शेजाऱ्यांना भेटायला जायचं का?

जा. सामान लावून झालं की एक-दोन दिवसांत, दुपारी किंवा संध्याकाळी लवकर. दोन्ही बाजूंचे, वरचे आणि विशेषतः खालचे. हातात पाचशे ते हजार येनची साधी भेट: टॉवेल, भांड्यांचा साबण, बिस्किटांचा डबा. दारातच उभं राहून नाव सांगायचं, 'योरोशिकु ओनेगाई शिमासु' (सांभाळून घ्या) म्हणायचं, दोन मिनिटांत परत. आत बोलावणार नाहीत, त्याचा राग मानू नका. एकट्या माणसांच्या छोट्या फ्लॅट्समध्ये ही पद्धत आता मागे पडते आहे. पण घरात लहान मूल असेल तर चुकवू नका. "मूल लहान आहे, आवाज होईल, आधीच माफी मागतो" हे वाक्य पाठ करून जा. आवाज तेवढाच होतो, पण तो आता ओळखीच्या बाळाचा असतो.

चोनाइकाई म्हणजे गल्लीचं मंडळ. महिन्याला किरकोळ वर्गणी असते. एक फाइल घरोघर फिरते, तिला काइरानबान म्हणतात. वाचता आली नाही तरी शिक्का किंवा सही करून दुसऱ्या दिवशी पुढच्या दारी पोचवा. तुमच्याकडे अडकली की सगळ्यांची अडकते.

कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, फोडणी. नक्की किती चालतं?

दिवसा सगळं चालतं. रात्री नऊनंतर मिक्सर, वॉशिंग मशीन आणि व्हॅक्यूम नको. भिंती पातळ असतात आणि लाकडी जमिनीवरून मुलांचं धावणं खालच्या घरात ढोलासारखं वाजतं. जाड सतरंजी किंवा जोडायच्या फोमच्या चौकोनी चटया पहिल्याच आठवड्यात घ्या. कुकरची शिट्टी ज्याने कधी ऐकलेली नाही त्याला ती स्फोटाची पूर्वसूचना वाटते, हे मी शेजारच्या आजींकडून पुष्कळ वर्षांनी ऐकलं. पहिले काही महिने त्या रोज सकाळी दचकत होत्या. बोलल्या कधी? सहाव्या वर्षी, हसत.

मिरचीच्या फोडणीचा ठसका मात्र बाहेरच्या सामाईक पॅसेजपर्यंत जातो. पंखा आधी सुरू करा, पॅसेजकडची खिडकी बंद ठेवा, पंख्याची जाळी महिन्याला धुवा. शेजाऱ्यांचे कपडे गॅलरीत वाळत असतील तर सुके बोंबील त्या दिवशी भाजू नका. हे मी कोकणातली असून सांगते आहे.

दारासमोर रांगोळी, चपलांचं कपाट, तुळस?

दाराबाहेरचा पॅसेज ही आगीच्या वेळी पळायची वाट असते, तिथे काही ठेवायची परवानगी नसते. रांगोळी आत गेन्कानमध्ये, म्हणजे दारातून शिरल्यावर चपला काढायची जागा असते तिथे काढा. गॅलरीही त्यातच येते: दोन गॅलऱ्यांमधली पातळ भिंत संकटात लाथ मारून फोडण्यासाठीच असते आणि जमिनीत शिडीचं झाकण असू शकतं. तुळस त्यापासून लांब.

चपला तर आपणही बाहेर काढतो. त्यात नवीन काय?

काढायची पद्धत. गेन्कानचा खालचा भाग म्हणजे 'बाहेर', पायरीवरचा भाग म्हणजे 'आत'. मोजे घालून खालच्या भागात पाय टेकवायचा नाही आणि बूट घालून पायरीवर नाही. काढलेले बूट बाहेरच्या दिशेला तोंड करून लावायचे. आतल्या सपाता तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, नेत नाहीत. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडून यायच्या. पहिल्या वर्षात प्रत्येक जण एकदा तरी त्या घालून दिवाणखान्यात येतोच. मुलांच्या शाळेत पालकसभेला जाताना स्वतःच्या सपाता आणि बुटांसाठी पिशवी न्या.

ट्रेनमध्ये काय सांभाळायचं?

मुंबई लोकलची सवय असेल तर गर्दीचं काही वाटणार नाही, शांततेचं वाटेल. फोन सायलेंट, फोनवर बोलणं नाही, पाठीवरची सॅक पोटावर. उतरणारे उतरेपर्यंत दाराच्या दोन्ही बाजूंना थांबायचं. महिलांचा डबा असतो, पण बहुतेक मार्गांवर सकाळच्या गर्दीपुरता. फलाटावरची खूण आणि वेळ बघा. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो आणि ऑफिसात तो खरंच मानतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. अधिकृतपणे चालूच नये असं म्हणतात. साइतामात २०२१ पासून आणि नागोयात २०२३ पासून तसा नियमच आहे.

मराठीत हळू बोललेलंही इथे मोठं वाटतं. आपण चौघं जण असलो की तर विचारूच नका.

आम्ही शाकाहारी आहोत. बाहेर खायचं काय?

'निकु नाशी', म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलंत तर मासा येईल. मासा इथे 'निकु' मध्ये धरत नाहीत. मासाही नको म्हटलंत तरी दाशी राहतेच. बहुतेक सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या यांच्या मुळाशी सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो. म्हणून तीन वाक्यं लागतात: मांस खात नाही, मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. एवढं ऐकून आचारी गंभीर चेहऱ्याने आत जाईल आणि कोबीची कोशिंबीर पाठवेल. खात्रीचं हवं असेल तर देवळांमधलं शोजिन र्‍योरी, पण ते रोजच्या खिशाचं नाही. बटाट्याच्या वेफर्समध्ये मांसाचा अर्क आणि पावात डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे पाकिटामागची यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गव्हाचं पीठ निशिकासाईत आणि शिन-ओकुबोत सहज मिळतं. भारतातून येताना मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. फळं, रोपं आणि ताजा पाला तपासणीच्या दाखल्याशिवाय विमानतळावर काढून घेतात. आईने प्रेमाने दिलेली कढीपत्त्याची जुडी त्यातच आली.

जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी आहेत. सुरुवातीला 'इतादाकिमासु' म्हणतात. 'वदनि कवळ घेता'ची सवय असलेल्याला त्यात परकं काही वाटत नाही.

ऑफिसात 'बघू' म्हणाले. म्हणजे हो ना?

नाही. 'केन्तो शिमासु', विचार करतो, याचा अर्थ बहुतेक वेळा नकार. 'चोत्तो…' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं आणि श्वास दातांमधून आत ओढला, तर नक्कीच नकार. आपल्या 'बघू या हं' आणि 'करू की' ची जात तीच आहे. मामा लग्नाला येतो म्हणून येत नाही, हे जसं आपल्याला आधीच कळतं, तसं हेही वर्षभराने कळू लागतं.

पाच मिनिटं उशीर होणार असेल तर उशीर व्हायच्या आधी कळवा. सुट्टीवरून आलात की ओमियागे, म्हणजे सगळ्यांना वाटायचा खाऊ, हवाच. एकेक वेष्टनातला हवा. सोनपापडी ऑफिसच्या गालिच्यावर सांडते. काजूकतली हमखास चालते. गोडाची इथली दाद म्हणजे 'फार गोड नाही', त्यामुळे गुलाबजाम न्यायचे तर जपून.

जपानी शिकणं किती अवघड आहे?

लिपी अवघड, वाक्यरचना आपली. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'मी जपानला जातो' यातला 'ला' तिकडे 'नि' होतो आणि शब्दामागेच बसतो. वाक्याच्या शेवटी ते 'ने' लावतात, ते आपल्या 'ना' सारखंच. इंग्रजीतून भाषांतर करायचं सोडा, मराठीतून करा. अर्धी लढाई तिथेच सुटते.

ओसाकाला जाणाऱ्या जोडप्यांसाठी: 'आहो' म्हणजे तिकडे मूर्ख. स्टेशनवर नवऱ्याला मोठ्याने "अहो!" अशी हाक मारण्याआधी विचार करा. काही जणी विचार करूनही मारतात.

लग्नाला, अंत्यविधीला किती आणि कसे पैसे द्यायचे?

मित्राच्या किंवा सहकाऱ्याच्या लग्नाला साधारण ३०,००० येन. नोटा कोऱ्या करकरीत आणि संख्येने विषम, कारण सम रकमेचे दोन सारखे भाग होतात. आपण ५०० वर एक रुपया ठेवतो, तसाच हिशेब. ४ आणि ९ टाळायचे, उच्चार मृत्यू आणि यातनेशी जुळतात. पाकीट लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी गाठीचं.

अंत्यविधीला काळे कपडे आणि काळ्या-पांढऱ्या गाठीचं पाकीट. सहकाऱ्याच्या घरचं असेल तर ५,००० येन पुष्कळ. नोट मात्र कोरी नको. मरणाची तयारी करून ठेवल्यासारखं दिसतं. कोरीच असेल तर एकदा घडी घाला. हे कोणी सांगत नाही. मला माझ्या विभागातल्या एका बाईंनी गुपचूप बाजूला घेऊन माझी नोट बदलून दिली, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी गणपती बसवला तर विसर्जन कुठे?

घरीच, बादलीत, शाडूच्या मूर्तीचं. नदीत किंवा समुद्रात नाही. आरतीच्या झांजा संध्याकाळी सातच्या आत. उदबत्तीचं इथे कोणाला वावगं नाही, त्यांच्या घरातही असते. समईजवळून मात्र उठू नका. पंधरा-वीस माणसं येणार असतील तर वॉर्डाची छोटी सभागृहं तासावर स्वस्तात मिळतात. हळदीकुंकू आम्ही तिथेच करतो.

गणपती इथे आपल्या आधी पोचलेला आहे. असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन हे देऊळ त्याचंच. नाव शोतेन किंवा कांगितेन, मूर्ती दर्शनाला उघडत नाहीत आणि नैवेद्याला मोदक नाही, मुळा. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो. सासूबाईंना नेलं होतं. त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "याला इथे मोदक कोण करून घालणार, बिचाऱ्याला."

आई-वडील तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना काय सांगू?

प्रवास विमा घेऊनच येऊ द्या, कारण इथला राष्ट्रीय विमा त्यांना मिळत नाही. रुग्णवाहिका ११९ वर मोफत येते, दवाखान्याचं बिल मोफत नसतं.

बाकी तीन गोष्टी. लिफ्टमध्ये अनोळखी बाळाचा गाल ओढू नये. गॅलरीत पहाटे मोठ्याने स्तोत्र नको. आणि पितृपक्षात कावळ्याला गॅलरीत घास ठेवू नये, ही सगळ्यात महत्त्वाची. कचऱ्यावरून कावळ्यांशी इथे रोजचं युद्ध आहे. त्यांना जेवू घालणारं घर कोणाला आवडत नाही. आमच्याकडे तो पहिला कागद यावरूनच लागला होता. आता घास झाडाच्या कुंडीत ठेवतो आणि बाबांची क्षमा मागतो.

मुलांना जपानी शाळेत घालावं का?

परदेशी मुलांना सक्ती नाही, पण सरकारी शाळेत प्रवेश मिळतो आणि शिक्षण शुल्क नसतं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही टोकियोत आहेत, त्यांची फी वेगळीच गोष्ट. किती वर्षं राहणार, यावर ठरवा. मुलं वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात, आणि पहिलीतलं पोर पिवळी टोपी घालून, दप्तराला धोक्याची शिटी अडकवून एकटं चालत जातं. पहिला महिना मी लांबून मागे मागे जात होते. दुपारचं जेवण शाळेचं असतं; शाकाहारी असाल तर डब्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे आधीच मागा.

सार्वजनिक स्नानगृहात खरंच काही न घालता?

हो. बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुऊन, मग कुंडात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका. गोंदण असेल तर काही ठिकाणी आत घेत नाहीत. आजीच्या हातावरच्या गोंदणाबद्दल आधी विचारून घ्या. घरच्या टबातही अंग धुऊनच उतरायचं, कारण तेच पाणी घरातले सगळे वापरतात.

सायकल?

घेताना चोरीविरोधी नोंदणी करा. दुकानासमोर कुठेही लावलीत तर उचलून नेतात. फोन बघत चालवण्यावर नोव्हेंबर २०२४ पासून कडक शिक्षा आहे आणि एप्रिल २०२६ पासून १६ वर्षांवरच्या सायकलस्वारांना जागेवरच दंडाची पावती.

भूकंपाची तयारी म्हणजे नक्की काय?

फोन एकदम किंचाळला की टेबलाखाली. हलणं थांबलं की गॅस बंद, दार उघडं. इथे बातम्यांत आधी येतो तो शिंदो, म्हणजे तुमच्या जागी किती हललं ते, ० ते ७. तीनला कोणी जेवणावरून उठत नाही. दाराशी एक पिशवी ठेवा: पाणी, टॉर्च, औषधं, रोख सुटे पैसे, कार्डाची प्रत आणि थोडा कोरडा खाऊ. निवारा केंद्रात शाकाहारी मिळेलच असं नाही, म्हणून चिवडा. कपाटं भिंतीला पक्की करा. मोठ्या संकटात फोन लागत नाहीत, १७१ वर निरोप ठेवता येतो.

एदोगावात राहत असाल तर पुराचा नकाशा बघाच. वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने छापलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावर, याच वॉर्डावर बोट ठेवून, 'इथे थांबू नका' असं लिहिलं होतं. इतकं थेट वाक्य मी जपानीत क्वचितच वाचलंय.

संध्याकाळी पाच वाजता गल्लीभर गाण्याची धून वाजते. कोणाचं लग्न आहे का?

नाही. आपत्तीच्या सूचना देणारे ते भोंगे आहेत, चालू आहेत ना हे रोज असं तपासतात. हिवाळ्यात काही ठिकाणी साडेचारलाच वाजवतात. मुलांनी ती ऐकली की खेळ थांबवून घरी यायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे तिला शुभंकरोतीची घंटा म्हणतात.